रीइन्स्टॉल म्हणजे निदान नव्हे!

आपल्या होस्टेलवर दोन वाक्यं बारा महिने ऐकू येतात. एक, "आज मेसला परत तीच भाजी?" आणि दोन, "अरे, मेल चालत नाहीये." पहिल्यावर उपाय नाही हे आपण सगळ्यांनी केव्हाच मान्य केलंय. दुसऱ्यावर उपाय आहे, पण आपण भलताच करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

गेली तीन वर्षं माझी खोली म्हणजे मेलचा धर्मादाय दवाखाना झालीय. पेशंट लॅपटॉप घेऊन येतो, पलंगावर बसतो आणि म्हणतो, "मेल चालत नाही." काय चालत नाही? येत नाही की जात नाही? स्क्रीनवर काय लिहून आलं? यावर ठरलेलं उत्तर, "काहीतरी एरर आली होती, मी ओके केलं." डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच सांगणाऱ्याला डॉक्टर तरी काय देणार? तापाच्या दोन गोळ्या. आपल्याकडची तापाची गोळी म्हणजे रीस्टार्ट. त्याने उतरलं नाही तर सलाईन, म्हणजे अकाउंट काढून पुन्हा टाकणं. तरीही नाहीच जमलं तर थेट ऑपरेशन, म्हणजे अख्खा प्रोग्रॅम रीइन्स्टॉल! रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

काही जण म्हणतील, मेल आता मोबाइलवर येतो, ब्राउझरमध्ये दिसतो, मग डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमचं एवढं कौतुक कशाला? कौतुक अशासाठी की मेलची प्रत आपल्या हातात राहते. गूगलने २०२१ साली शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद जागा बंद होणार असं जाहीर केलं आणि संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी ही पायाभूत मर्यादा ठरवली. त्यात विद्यार्थी, प्राध्यापक, ऑफिस, सगळे आले. त्यामुळे कुठलंही कॉलेज पास झालेल्यांची खाती कायम सांभाळत बसेल अशी आशा धरू नका. खातं बंद झालं की गाइडशी झालेला पत्रव्यवहार, इंटर्नशिपचं पत्र, स्कॉलरशिपचा निरोप, सगळं त्याच्याबरोबर गेलं. ज्याच्याकडे थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम आहे त्याच्याकडे हे सगळं आपल्या डिस्कवर उतरवून ठेवण्याची सोय आहे. डिसेंबर २००४ मध्ये १.० आवृत्ती निघालेला हा प्रोग्रॅम आजही फुकट मिळतो आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. म्हणून त्याचंच उदाहरण घेतो.

आधी रीइन्स्टॉलचा समाचार घेऊ. थंडरबर्डमध्ये प्रोग्रॅम एका जागी असतो आणि तुमची खाती, सेटिंग आणि उतरवलेले मेल दुसऱ्याच फोल्डरमध्ये असतात. त्याला प्रोफाइल म्हणतात. प्रोग्रॅम काढून परत टाकला तरी प्रोफाइल जागचा हलत नाही. म्हणजे चुकीचं सेटिंग जसंच्या तसं परत येतं! अर्धा तास गेला, डेटा गेला, रोग तिथेच.

अकाउंट काढून पुन्हा टाकणं तर त्याहून वाईट. आमच्या विंगमधल्या एका सिव्हिलवाल्याने सीनियरच्या सांगण्यावरून असं केलं. खातं पॉप पद्धतीचं होतं. म्हणजे मेल आपल्या मशीनवर उतरला की, वेगळं सांगितलेलं नसेल तर, सर्व्हरवरून पुसला जाऊ शकतो. सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण केलेली नव्हती. खातं काढताना मेसेजचा डेटाही काढायचा का, असं विचारणारी एक चौकट येते. घाईत तिच्यावर टिचकी पडली. चार वर्षांचे मेल एका क्षणात गेले. त्यात फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी एका कारखान्याने पाठवलेली मोजमापं होती. ती परत मागवायला त्याला महिना लागला. आणि मूळ बिघाड काय होता? होस्टेलच्या वाय-फायचं लॉगिन संपलं होतं!

तेव्हा मुद्दा असा की आधी रोग शोधा. शोधायचा कसा? मेल म्हणजे जादू नाही, पोस्टाचीच व्यवस्था आहे. पत्र टाकायची पेटी वेगळी आणि घरी पत्र आणून देणारा पोस्टमन वेगळा. मेल पाठवण्याचं काम एसएमटीपी करतं आणि आणण्याचं काम आयमॅप किंवा पॉप करतं. दोन्हींचे सर्व्हर वेगळे असू शकतात, सेटिंग तर वेगळी असतातच. म्हणून "येतो पण जात नाही" एवढं नीट सांगितलं तरी अर्धं काम झालं. नेट चालू आहे, खातं जिवंत आहे, खोट फक्त पाठवण्याच्या बाजूला आहे.

मग एकेक पायरी चढायची. मी पाच पायऱ्या मानतो: वाट, खिडकी, कुलूप, ओळख आणि पेटी.

पहिली पायरी वाट. मोबाइलवर वाय-फायचं चिन्ह दिसतं म्हणजे बाहेरची वाट मोकळी आहे असं नाही. पुष्कळ होस्टेलवर ब्राउझरमध्ये लॉगिन केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. ते झालेलं असूनही सर्व्हर सापडत नाही असा संदेश आला तर सर्व्हरच्या नावाचं स्पेलिंग तपासा. एक टिंब जास्त पडलं तरी ते नाव जगात अस्तित्वात नसतं.

दुसरी पायरी खिडकी, म्हणजे पोर्ट. पोस्टात तिकिटांची खिडकी वेगळी, बचत खात्याची वेगळी, तसंच इथे. आयमॅपची खिडकी ९९३ किंवा १४३, पॉपची ९९५ किंवा ११०, पाठवण्याची ४६५ किंवा ५८७. जुनी २५ नंबरची खिडकी सर्व्हरांनी आपसात बोलण्यासाठी आहे. स्पॅमच्या त्रासामुळे ती अनेक ठिकाणी बाहेरच्यांना बंद असते. कुणाच्या सेटिंगमध्ये अजून २५ असेल तर मेल न जाण्याचं कारण बहुधा तिथेच सापडेल.

इथे मला नेहमी ऐकवतात, "पण ब्राउझरमध्ये तर मेल दिसतो, मग नेटचा प्रॉब्लेम कसा?" दिसणारच! ब्राउझर ४४३ नंबरच्या खिडकीतून जातो. फायरवॉलने ती उघडी ठेवून ९९३ बंद केली असेल तर ब्राउझर पळेल आणि थंडरबर्ड उभा राहील. याची परीक्षा अगदी सोपी. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. त्यावर चाललं आणि होस्टेलच्या वाय-फायवर नाही, तर वाट अडलीय. खात्याला हातसुद्धा लावू नका. दोन मिनिटांच्या या परीक्षेने किती रीइन्स्टॉल वाचले असते!

संदेशाचे शब्दही नीट वाचावेत. "टाइम्ड आउट" आणि "रिफ्यूज्ड" यांत फरक आहे. पहिल्यात हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही. मध्येच फायरवॉलने गिळली असेल किंवा पलीकडचं मशीनच बंद असेल. दुसऱ्यात कुणीतरी "इथे नाही" असं स्पष्ट सांगितलं, म्हणजे बहुधा मशीन सापडलं पण त्या खिडकीत कुणी बसलेलं नाही. दोन निरनिराळे रोग, आणि आपण दोघांना एकाच नावाने ओळखतो, "एरर".

तिसरी पायरी कुलूप. ९९३ आणि ४६५ वर पहिल्या अक्षरापासून बोलणं कुलूपबंद असतं. १४३ आणि ५८७ वर आधी साधं बोलणं सुरू होतं आणि मग कुलूप लावतात, त्याला स्टार्टटीएलएस म्हणतात. आता समजा कुणी ९९३ च्या समोर स्टार्टटीएलएस निवडलं. प्रोग्रॅम वाट बघतो की सर्व्हर आधी नमस्कार करील. सर्व्हर वाट बघतो की प्रोग्रॅम आधी कुलूप काढील. "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत दोघे उभे, आणि आपण म्हणतो नेट स्लो आहे!

कुलपाचं दुसरं दुखणं म्हणजे प्रमाणपत्र. लॅबमधल्या जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तारीख मागे जाते. मग सर्व्हरचं धडधाकट प्रमाणपत्र "अजून वैध नाही" असं दिसतं. पाच मिनिटं सेटिंग उकरण्याआधी घड्याळाकडे एक नजर टाकावी. तिसरा प्रकार जुन्या सर्व्हरांचा. टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. थंडरबर्डने तर २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासूनच त्या आपणहून वापरणं बंद केलं. म्हणून "काल अपडेट केलं आणि आज बंद" अशी तक्रार आली की खोट प्रोग्रॅममध्येच असते असं नाही. सर्व्हर म्हातारा झालेला असू शकतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. प्रमाणपत्राची सूचना आली की "अपवाद करा" हे बटण दाबून मोकळं व्हायची सवय सोडा. ती सूचना म्हणजे दारावर कुणीतरी दुसऱ्याचं ओळखपत्र घेऊन आल्याची शंका. सार्वजनिक वाय-फायवर ती खरीही असू शकते. कारण कळेपर्यंत पासवर्ड द्यायचा नाही.

चौथी पायरी ओळख. इथे सगळ्यात जास्त डोकेफोड होते, कारण पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. सन २०२२ पासून नियमच बदलत गेले. नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅमने आत शिरणं गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केलं. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये आयमॅप आणि पॉपसाठी तेच १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने केलं. गूगलने २०२५ मध्ये संस्थांच्या खात्यांनाही हा नियम लावला. आता ओऑथ२ पद्धत लागते. तिच्यात पासवर्ड मेल प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये साठत नाही. कंपनीचं लॉगिनचं पान उघडतं आणि परवान्याची चिठ्ठी मिळते. थंडरबर्डला हे जमतं, फक्त सेटिंगमध्ये "साधा पासवर्ड" ऐवजी ओऑथ२ निवडावं लागतं. ते पानच उघडत नसेल तर कुकी बंद केल्यात का ते बघा. एखाद्या जुन्या प्रोग्रॅमला ही पद्धत येत नसेल तर गूगलच्या खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घेता येतो. मात्र मुख्य पासवर्ड बदलला की तो रद्द होतो, हे लक्षात ठेवा. संस्थेच्या खात्यावर ॲडमिननेच ही वाट बंद ठेवलेली असेल तर तुम्ही शंभर वेळा पासवर्ड टाकलात तरी उपयोग नाही. उलट खातं तात्पुरतं कुलूपबंद व्हायचं.

पाचवी पायरी पेटी. आत शिरलो, तरी मेल नाही. पेटी भरलीय का? फोल्डर दिसत नसेल तर ते आयमॅपच्या यादीत सबस्क्राइब केलंय का? आणि आमच्या डिपार्टमेंटमध्ये घडलेला किस्सा तर गणिताचा आहे. टेक्निकल फेस्टचं एकच जीमेल खातं चार पीसींवर उघडून ठेवलं होतं. थंडरबर्ड एका खात्यासाठी पाचपर्यंत जोडण्या धरून ठेवतो. चार गुणिले पाच म्हणजे वीस. जीमेलची मर्यादा एका वेळी पंधरा. मग कधी या पीसीवर बंद, कधी त्या. लोक म्हणाले व्हायरस आहे, दोन पीसी फॉरमॅट करायचं ठरलं होतं! जोडण्यांचा आकडा पाचवरून तीन केला. चार त्रिक बारा, प्रश्न संपला.

पाठवण्याच्या बाजूलाही असंच गणित आहे. जोडलेली फाइल मेलमधून जाताना दर तीन बाइटची चार अक्षरं होतात. वीस एमबीची फाइल वाटेत सत्तावीसच्या जवळ जाते. सर्व्हरची मर्यादा पंचवीसची असेल तर ती परत येणारच. त्यात पासवर्डचा काय दोष?

या सगळ्यात मला जे खुपतं ते वेगळंच. सर्व्हर आपल्याला कारण सांगतो! जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपीचा मसुदा लिहिला, तेव्हाच प्रत्येक उत्तराला तीन आकडी क्रमांक दिला. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, थोड्या वेळाने परत बघा. ५ असेल तर तेच पुन्हा पाठवून उपयोग नाही, काहीतरी बदलावं लागेल. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही, ५५० बहुतेक वेळा पत्ता चुकल्याचं किंवा नाकारल्याचं सांगतो, ५५२ जागा संपल्याचं. चाळीस वर्षांहून जास्त काळ हे आकडे आपल्याशी बोलताहेत आणि आपण "ओके" दाबून त्यांचं तोंड बंद करतो. साक्षीदाराला हाकलून देऊन मग चोर शोधत बसायचं, असला हा तपास.

यावर मेकॅनिकलचे मित्र म्हणतात, "आम्ही काय सगळ्यांनी कॉम्प्युटरवाले व्हायचं का?" अजिबात नाही. तुमची बाइक सुरू झाली नाही तर तुम्ही इंजिन बदलता का? पेट्रोल येतंय का, स्पार्क पडतोय का, हवा जातेय का, असं क्रमाने बघता. एका वेळी एकच गोष्ट बदलता, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. मी मागतोय ते एवढंच. पोर्टचे नंबर पाठ करू नका, ते कुठेही मिळतात. क्रमाने विचार करायची सवय कुठेही विकत मिळत नाही. आपल्याला पदवी मिळणार आहे ती याच सवयीची. ती वर्कशॉपमध्ये वापरायची आणि खोलीवर आलं की गुंडाळून ठेवायची, हे काही बरोबर नाही.

सवय नसण्याची किंमत फक्त वेळेत मोजू नका. होस्टेलवर सर्रास काय होतं? "तू बघ ना जरा" म्हणून मित्राला पासवर्ड सांगितला जातो, कधी वहीच्या मागच्या पानावर लिहूनही दिला जातो. त्याच खात्यावर बँकेचे निरोप येतात, नोकरीच्या कॉलची पत्रं येतात, बाकीच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायची सोयही तिथूनच होते. माझ्या खोलीचा नियम आहे की पासवर्ड टाकायची वेळ आली की मी खिडकीबाहेर बघतो आणि ज्याचं खातं त्यानेच टाइप करायचं. दुसऱ्यांदा येणाऱ्याला तर मी कीबोर्डच देतो. मी फक्त विचारतो, तो शोधतो. पहिल्यांदा राग येतो, तिसऱ्यांदा तो येतच नाही. दवाखाना ओस पडणं हेच डॉक्टरचं यश!

आता थोडं आदरणीय सरांना आणि मॅडमना. सगळा दोष विद्यार्थ्यांचा नाही. कॉलेजच्या मेलची सेटिंग एका कागदावर कुठे लावलेली आहेत? सर्व्हरची नावं, खिडक्यांचे नंबर, कुलपाची पद्धत, ओळखीची पद्धत, होस्टेलच्या नेटवर कोणती खिडकी बंद आहे आणि बिघाड झाला तर कुणाला सांगायचं, एवढ्या सहा ओळी नोटीस बोर्डावर लागल्या तर निम्म्या तक्रारी जागीच मिटतील. पुढची पायरी म्हणजे कॉलेजच्या डोमेनवर ऑटोकॉन्फिगची एक छोटी एक्सएमएल फाइल ठेवणं. मग थंडरबर्डमध्ये नाव आणि पत्ता टाकला की बाकीचं सेटिंग तो आपणच शोधून घेतो. सेकंड इयरच्या मुलांनी एका शनिवारी करण्यासारखं काम आहे. आणि ज्यांच्या केबिनमधल्या एकुलत्या एका पीसीवर दहा वर्षांचे मेल पॉपने उतरलेले आहेत, त्यांनी कृपया आजच त्या प्रोफाइलच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. प्रत काढताना थंडरबर्ड बंद असू द्यावा.

मुंबईत १९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात अर्नेटच्या डायल-अप जोडणीवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. तेव्हा टेलिफोनच्या तारेवर हे काम चालवणाऱ्या मंडळींनी प्रत्येक बिघाड वाचून, क्रमाने शोधूनच सोडवला असणार. दुसरा मार्गच नव्हता. आपल्याकडे मार्ग पुष्कळ आहेत, म्हणून आपण सगळ्यात आळशी मार्ग निवडतो.

तेव्हा यापुढे माझ्या खोलीवर जरूर या, पण तीन गोष्टी बरोबर आणा. मेल येत नाही की जात नाही? स्क्रीनवर शब्दशः काय लिहून आलं, त्याचा फोटो. आणि हॉटस्पॉटवर चाललं का? ज्याच्याकडे या तिन्हींची उत्तरं आहेत, त्याला माझी गरज बहुधा जिना चढतानाच संपलेली असेल. तरीही या. चहा आहेच.

– अंतिम वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार शाखा